कुत्र्याचे वार्धक्य व उत्तरकाळातील संगोपन

पाळीव कुत्र्याच्या अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा सुमारे चतुर्थांश काळ आणि त्या काळात त्याला लागणारी देखभाल यांचा विचार या विषयात होतो. पशुवैद्यकात वार्धक्याला रोग मानीत नाहीत. मात्र वार्धक्याच्या आडून अनेक रोग येतात आणि घरची माणसे ‘आता म्हातारा झाला’ म्हणून ते सोडून देतात. त्यामुळे सहज उपचार होण्याजोगे दुखणेही मुके जनावर महिनोन्‌महिने अंगावर काढते.

वयाची मोजणी : ‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सर्वतोमुखी असला, तरी त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. माणसाचे आयुष्य सत्तर व कुत्र्याचे दहा वर्षे धरून विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास केलेला ढोबळ भागाकार त्यामागे असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याहून जुना हिशेब लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील १२६८ सालच्या फरशीवरील लॅटिन लेखात आहे. कुंपण तीन वर्षे टिकते. कुत्रा त्याच्या तिप्पट, घोडा कुत्र्याच्या तिप्पट आणि माणूस घोड्याच्या तिप्पट जगतो, असा त्याचा आशय. म्हणजे प्रमाण सातास एक नसून नवास एक पडते. जगाचा अंत कधी होईल हे काढण्यासाठी तो लेख कोरला होता, त्यामुळे पशुपालनाचा पुरावा म्हणून त्याला फार वजन देता येत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याची (इ. स. पू. ३८४–३२२) नोंद मात्र निरीक्षणावर आधारलेली दिसते. लॅकोनियन शिकारी जातीचा नर सुमारे दहा व मादी बारा वर्षे जगते, इतर जातींत आयुष्य चौदा-पंधरा वर्षांपर्यंत व क्वचित विसापर्यंत जाते, असे तो सांगतो. ओडिसी या ग्रीक महाकाव्यातील नायकाचा आर्गोस हा कुत्रा विसाव्या वर्षी मेला हे होमरचे वर्णन काही जण याच कारणाने खरे मानतात, असेही तो जोडतो. हे आकडे आजच्या आकड्यांपासून फारसे दूर नाहीत.

सातपटीचे गणित चुकते, कारण कुत्रा पहिल्या वर्षातच वयात येतो आणि पुढे त्याची वाढ मंदावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२० मध्ये मुख्यत्वे लॅब्रडॉर जातीच्या १०४ कुत्र्यांच्या डीएनएवरील मेथिल गटांचे (डीएनएला जोडल्या जाणाऱ्या लहान रासायनिक गटांचे) वयानुसार होणारे बदल माणसांतील बदलांशी ताडून पाहिले. त्यांचे सूत्र असे : कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिथम गुणिले १६, अधिक ३१. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा एकतीस, चार वर्षांचा सुमारे त्रेपन्न आणि बारा वर्षांचा सुमारे एकाहत्तर वर्षांच्या माणसाशी तुल्य ठरतो. अभ्यास बहुतांशी एकाच जातीवर झाल्याने हे सूत्र सरसकट लावणे मात्र योग्य नाही.

जातीचा, किंबहुना आकारमानाचा, प्रश्न येथे कळीचा आहे. प्राणिसृष्टीत सामान्यतः मोठ्या देहाच्या जाती अधिक जगतात. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी दीर्घायुषी असतो. कुत्र्यांमध्ये आपापसांत हा नियम उलटा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात वजनातील दर दोन किलोग्रॅम वाढीमागे अपेक्षित आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते, असे आढळले. मोठ्या कुत्र्यांत वार्धक्याची सुरुवात लवकर होत नाही, पण एकदा ते लागले की झपाट्याने पुढे सरकते, असा त्या अभ्यासकांचा कल आहे. लहान जातींच्या खुजेपणाशी आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचे जनुक निगडित असल्याचे २००७ मध्ये दिसून आले होते. मोठ्या कुत्र्यांचे आयुष्य कमी होण्याचे मूळही तेथेच असावे, अशी शक्यता वर्तविली जाते. व्यवहारात याचा अर्थ असा की, ग्रेट डेन सहा-सात वर्षांचा झाला की त्याला वृद्ध समजावे, तर त्याच वयाचा पॉमेरेनियन ऐन तारुण्यात असतो. देशी गावठी कुत्रे व महाराष्ट्रातील कारवानी यांचे अंग सडपातळ असते. घरात नीट राखल्यास ते दहा-बारा वर्षे सहज ओलांडतात.

सर्वाधिक आयुष्याचा मान ऑस्ट्रेलियातील ब्लुई या गुरे राखणाऱ्या कुत्र्याकडे (१९१०–३९, २९ वर्षे ५ महिने) दीर्घकाळ आहे. पोर्तुगालमधील बॉबी याला २०२३ मध्ये तिशी ओलांडल्याबद्दल हा मान दिला गेला होता; पुरावा अपुरा ठरल्याने पुढच्याच वर्षी तो काढून घेण्यात आला.

प्राचीनता : जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथील सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एका पिलाचे अवशेष सापडले. त्याच्या दातांवरील खुणांवरून ते डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून अनेक आठवडे तगले होते असे दिसते. माणसाच्या शुश्रूषेवाचून हे अशक्य होते, असा निष्कर्ष काढला गेला व तो पटण्यासारखा आहे. पण ते पिलू होते. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळतात. त्यांचा संबंध बहुधा विधीशी असावा. देखभालीचा पुरावा म्हणून ते पुढे करणे धाडसाचे होईल.

वृद्ध कुत्र्याच्या संगोपनाचा अधिक भक्कम पुरावा कार्थेजच्या (ट्युनिशिया) यास्मिना या रोमनकालीन दफनभूमीत मिळतो. सामान्यतः इ. स. दुसऱ्या शतकाची अखेर ते तिसऱ्याचा मध्य यांदरम्यान धरल्या जाणाऱ्या एका थडग्यात तरुण व्यक्तीच्या पायांशी एक चिमुकला कुत्रा निजवलेला होता. त्याचे बरेच दात पडलेले होते, सांधे झिजलेले होते, खुब्याचा सांधा निखळलेला होता आणि पाठीच्या कण्यातही दोष होता. अशा अवस्थेत त्याला स्वतःचे अन्न मिळवणे किंवा कठीण अन्न चावणे शक्य नव्हते. कोणीतरी त्याला मऊ अन्न भरवीत होते. त्याच्या खांद्यामागे एक काचेचा वाडगा ठेवलेला होता. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरातील प्राणी-दफनभूमीतही (सुमारे इ. स. पहिले-दुसरे शतक) दात गेलेले वृद्ध प्राणी आढळले, तेथे मांजरे बहुसंख्य असून कुत्रे थोडे आहेत. हे बंदर भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे होते आणि भारतातून नेलेली माकडेही तेथे पुरलेली आहेत.

वाङ्‌मयात आर्गोसचे चित्र उपेक्षेचे आहे. धनी परदेशी गेल्यामुळे तो उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडला आहे आणि वीस वर्षांनी धन्याला ओळखून प्राण सोडतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गरथात चढण्यास नकार देतो. भक्ताचा त्याग हे ब्रह्महत्येएवढे पाप होय, ही त्याची भूमिका. तो कुत्रा वृद्ध होता असे मूळ संहितेत म्हटलेले नाही. पारशी धर्मग्रंथ वेंदिदादच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्यास शिक्षा सांगितली असून दूध, चरबी व मांस हा त्याचा योग्य आहार ठरविला आहे.

शारीरिक बदल व रोग : सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो संधिवात. कुत्रा सांधा दुखला म्हणून सहसा विव्हळत नाही. तो जिना चढताना थबकतो, गाडीत उडी मारणे सोडतो, बसल्यावर उठताना आधी पुढचे पाय टेकतो, एकाच जागी चाटत राहतो किंवा कमरेला हात लावल्यावर गुरगुरतो. ‘स्वभाव बदलला’ ही घरच्यांची तक्रार पुष्कळदा वेदनेचीच खूण असते. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी दाहशामके मूत्रपिंड व यकृताच्या चाचणीनंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने देतात. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल, घरच्या घरी कधीही देऊ नयेत; त्यांनी कुत्रे दगावतात. वेदनावाहक प्रथिनाला अडविणारे बेडिनव्हेटमॅब हे मासिक इंजेक्शन युरोपात २०२० पासून व अमेरिकेत २०२३ पासून मान्यताप्राप्त आहे. काही कुत्र्यांत मज्जासंस्थेचे त्रास नोंदले गेल्याने अमेरिकी औषध नियामकाने २०२४ च्या अखेरीस पशुवैद्यांना सावधगिरीची सूचना दिली.

वजन आटोक्यात ठेवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. ४८ लॅब्रडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. त्या प्रयोगात (निष्कर्ष २००२) कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. संधिवातही उशिरा आला. वृद्ध कुत्र्याचे प्रथिन कमी करावे, हा समज मात्र मागे पडला आहे. मूत्रपिंडाचा रोग नसेल, तर स्नायू टिकविण्यासाठी प्रथिन लागतेच. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दूध-भातावर ते पुरत नाही.

डोळ्यांत निळसर झाक दिसली की मोतीबिंदू झाला असे समजले जाते. बहुधा ते भिंगाचे वयानुरूप घट्ट होणे असते व त्याने दृष्टी फारशी जात नाही. दोहोंतला फरक तपासणीनेच कळतो.

अचानक डोके एका बाजूला कलणे, बुबुळे थरथरणे, तोल जाऊन गोल फिरणे ही लक्षणे पाहून घरचे लकवा झाला असे धरून चालतात आणि काही जण त्याच दिवशी दयामरणाचा विचार करू लागतात. अंतर्कर्णाच्या तोलसंस्थेचा हा अकारण विकार असेल, तर बहुतेक कुत्रे दोन-तीन दिवसांत सुधारू लागतात व दोन-तीन आठवड्यांत जवळपास पूर्ववत होतात. मान किंचित वाकडी राहू शकते. येथे घाई केल्यास बरे होऊ शकणारे जनावर जाते, म्हणून हे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे.

मेंदूच्या ऱ्हासात माणसाच्या अल्झायमरप्रमाणे बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन साचते. रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात अडकून राहणे, ओळखीच्या माणसाकडे पाठ फिरवणे, घरात लघवी ही लक्षणे दिसतात. २००१ मधील एका पाहणीत ११–१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५–१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत यांपैकी किमान एका प्रकारचे लक्षण आढळले. सेलेजिलीन हे औषध अमेरिकेत १९९८ पासून यासाठी मान्य आहे. घरातील सामानाची जागा न बदलणे व रात्री मंद दिवा ठेवणे यांनीही दिलासा मिळतो. नसबंदी न झालेल्या कुत्रीस माजानंतर काही आठवड्यांनी तहान वाढून ती मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्रपिंड, हृदयाच्या झडपा, दात व अर्बुदे यांसाठी दर सहा महिन्यांनी रक्त-लघवीसह तपासणी करावी.

घरातील व्यवस्था : गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात, जुनी गोधडी किंवा खरखरीत चटई अंथरावी. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर काही तासांनी बदलावी, अन्यथा कोपर व खुब्यावर जखमा होतात. उन्हाळ्यात फिरणे पहाटे व सूर्यास्तानंतरच.

अखेरचा टप्पा : निर्णयासाठी अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची २००४ मधील श्रेणी प्रचलित आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना शून्य ते दहा गुण देतात. ३५ पेक्षा अधिक गुण असल्यास शुश्रूषा चालू ठेवणे रास्त मानतात. श्वासाचा त्रास हा वेदनेतच धरला जातो व त्याला अग्रक्रम असतो. दयामरणात आधी गुंगीचे औषध देऊन नंतर पेंटोबार्बिटल शिरेतून देतात. काही क्षणांत शुद्ध जाते व काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात आणि नंतर एखादा आचका येऊ शकतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. शक्य असल्यास त्यांनी जवळ थांबावे. ओळखीचा स्पर्श व आवाज कुत्र्याला शेवटपर्यंत धीर देतो.

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम केवळ असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी कुत्र्यांनाच पशुवैद्यामार्फत दयामरण देण्यास मुभा देतात.

मुंबईत या विषयाला जुना इतिहास आहे. भटके कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाने उठाव केला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ उभी राहिली. आरंभी तिच्यात कुत्र्यांनाही आश्रय होता. परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मृत पाळीव प्राण्यांसाठी महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे पाइपगॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली.