‘आज दारू घेतली, म्हणून गोळी नको’: एका समजुतीची पार्श्वभूमी

एचआयव्हीवरील औषधे घेणाऱ्या अनेकांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते, ती अशी की ज्या दिवशी दारू घेतली त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, कारण दोन्ही पोटात एकत्र आली तर विषबाधा होते. आजच्या बहुतेक औषधांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे आणि ज्या धोक्यापासून ती वाचवू पाहते, त्याहून मोठा धोका तीच निर्माण करते. तरीही तिला निव्वळ अज्ञान म्हणता येणार नाही. तिची मुळे जुन्या औषधांबाबत दिल्या गेलेल्या, त्या काळी अगदी रास्त असलेल्या इशाऱ्यांत आहेत.

१९८७ साली अमेरिकेत झिडोव्हुडीन हे एचआयव्हीवरील पहिले औषध मान्य झाले. ते सुरुवातीला दर चार तासांनी, म्हणजे रात्री गजर लावून उठूनही, घ्यावे लागे आणि त्याचा मुख्य त्रास रक्तक्षयाचा होता. दारूचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९९१ मध्ये डिडानोसिन आल्यावर. या औषधाने काहींच्या स्वादुपिंडाला सूज येई आणि ती कधीकधी जिवावर बेते. अतिमद्यपानानेही नेमका हाच आजार होत असल्याने दारू पिणाऱ्याला हे औषध देताना डॉक्टर स्पष्ट शब्दांत मनाई करीत. १९९४ मध्ये आलेल्या स्टॅव्हुडीनने हातापायांच्या नसांना इजा होई, यकृतात चरबी साठे आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढे. दारूही नसा आणि यकृत यांवरच घाव घालते. त्यामुळे ‘औषध चालू आहे तोवर दारू बंद’ हे वाक्य त्या दशकात घराघरांत पोहोचले, यात नवल नाही.

१९९५च्या अखेरीस आणि १९९६ मध्ये विषाणूच्या वाढीला लागणारे प्रोटीएज हे विकर (एन्झाइम) रोखणारी प्रोटीएज रोधक औषधे आली, तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. याच गटातील रिटोनाविरने मात्र परस्परक्रियांचा, म्हणजे एका औषधाने दुसऱ्याचा परिणाम बदलण्याचा, प्रश्न कायमचा गुंतागुंतीचा करून टाकला. यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर अनेक औषधांचे विघटन करते आणि रिटोनाविर नेमके त्यालाच जखडून ठेवते. पुढे याच गुणाचा उपयोग करून घेत ते केवळ १०० मिलिग्रॅमच्या मात्रेत सोबतच्या औषधाची रक्तातील पातळी वाढवण्यासाठी दिले जाऊ लागले. पण विकराला आपले औषध आणि परके औषध यांतला भेद कळत नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याच्या रक्तात त्याची पातळी इतकी वाढू शकते की स्नायू विरघळू लागतात; झोपेसाठी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी दिले जाणारे मिडॅझोलाम तोंडावाटे दिल्यास गुंगी धोकादायकरीत्या लांबते; आणि ॲलर्जीसाठी नाकातून अथवा दम्यासाठी श्वासावाटे घेतलेले फ्लुटिकासोन हे स्टेरॉइडसुद्धा शरीरभर साचून कुशिंग सिंड्रोम हा स्टेरॉइडच्या अतिरेकाचा विकार घडवू शकते.

रिटोनाविरच्या बाबतीत दारू तर औषधातच होती. त्याच्या पातळ स्वरूपात सुमारे ४३ टक्के अल्कोहोल असे. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमधील द्रव्याचे स्फटिकरूप अचानक बदलले, जुन्या कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या आणि काही काळ प्रौढ रुग्णांनाही ते कडू, अल्कोहोलयुक्त द्रावण प्यावे लागले. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या माणसाला हे द्रावण दिले, तर त्याला चेहरा लालबुंद होणे, उलट्या, धडधड अशी प्रतिक्रिया होण्याची भीती होती. दारू सोडू पाहणाऱ्या माणसावर असा प्रसंग यावा, हा वैद्यकशास्त्रातला एक क्रूर विनोदच म्हणावा लागेल.

१९९८ सालीच मान्य झालेल्या अबाकाविरचा दारूशी रासायनिक संबंध अधिक थेट आहे, कारण दोघांचेही विघटन अल्कोहोल डिहायड्रोजनेज हेच विकर करते. दारूसोबत घेतल्यास अबाकाविरचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे ४१ टक्के वाढतो, असे मोजमापातून दिसले. परंतु ही वाढ मात्रा बदलण्याइतकी महत्त्वाची मानली गेली नाही. ‘परस्परक्रिया आढळली’ आणि ‘परस्परक्रिया घातक आहे’ या दोन विधानांतला फरक सल्ला देताना नेहमीच जपला गेला असे म्हणवत नाही. त्याच वर्षी आलेले एफाविरेन्झ चक्कर आणणारे आणि विचित्र स्वप्ने पाडणारे असल्यामुळे झोपताना घ्यायला सांगितले जाई. त्यामुळे गोळीची वेळ आणि संध्याकाळच्या पेल्याची वेळ नेमकी एकमेकींवर आली, आणि दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग रोजचा झाला.

त्या निवडीत गोळी हरू लागली. दारू आणि औषध एकत्र घेणे विषारी असते असे मानणारे लोक पिण्याच्या दिवशी, आणि काही जण अंगातली दारू उतरेपर्यंत, जाणूनबुजून मात्रा टाळतात, हे २०००च्या दशकातील अभ्यासांत पुढे आले. उपचार अधूनमधून थांबवण्याची किंमत किती मोठी असते, हे २००६ मध्ये ‘स्मार्ट’ या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने वेगळ्या संदर्भात दाखवून दिले होते. त्यात सीडी४ पेशींच्या (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशींच्या) संख्येनुसार औषधे थांबवणाऱ्या गटात मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही जास्त आढळले.

याचा अर्थ दारू निरुपद्रवी आहे असा नव्हे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या दीर्घ पाहणीतून २०१६ मध्ये असे दिसले की एचआयव्ही नसलेल्या पुरुषांत मृत्यूचा धोका महिन्याला दारूच्या ७० पेयांपासून वाढत होता, तर एचआयव्ही असलेल्यांत ३० पेयांपासूनच. यकृतदाह (हिपॅटायटिस) ब किंवा क सोबत असेल, किंवा क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असेल, तर यकृतावरचा भार आणखी वाढतो.

दरम्यान रुग्णांचे वय वाढले. एचआयव्हीची तीन औषधे एका गोळीत आली, पण मधुमेह, रक्तदाब आणि निद्रानाशाच्या गोळ्यांची भर पडून रोजची औषधे पाचांवर जाणे सामान्य झाले. आज जगभर प्रथम पसंतीचे असलेले डोलुटेग्राविर रिटोनाविरसारखे सीवायपी३ए४ला जखडत नाही आणि दारूशीही त्याची लक्षणीय परस्परक्रिया नाही. मात्र ते मधुमेहावरील मेटफॉर्मिनची पातळी वाढवते, क्षयरोगावरील रिफाम्पिसिनसोबत दिवसातून दोनदा द्यावे लागते, आणि पित्तावरच्या साध्या अँटासिडमधील मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम त्याला आतड्यातच बांधून ठेवते. म्हणून अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर ते घ्यावे लागते. पिण्याच्या दुसऱ्या दिवशी पोटात जळजळते म्हणून घेतलेले अँटासिडच गोळीच्या आड येते, आणि त्याबद्दल दवाखान्यात क्वचितच कोणी विचारते. झोपेच्या आणि वेदनाशामक अफूजन्य औषधांवर दारू घेतल्यास श्वास मंदावतो, हा धोका तर एचआयव्हीच्या गोळीशी निगडितच नाही.

२०२० पासून काही देशांत कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन या एचआयव्हीवरील औषधांचे महिन्याने किंवा दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन उपलब्ध झाले आहे. ते घेणाऱ्यापुढे संध्याकाळी गोळी की पेला हा प्रश्नच उरत नाही; बाकीच्या गोळ्या आणि यकृत मात्र जिथल्या तिथे राहतात.