आकस्मिक पुनरुज्जीवन : विद्यापीठीय विद्यार्थ्यांची तत्परता

एखाद्या व्यक्तीचे हृदय एकाएकी बंद पडल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या सामान्य माणसाने तिची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवावे, या क्रियेस हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन म्हणतात. व्यवहारात ‘सीपीआर’ हे नाव रूढ आहे. ती करण्यास विद्यापीठातील विद्यार्थी प्रत्यक्ष पुढे येतील की नाही, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. मदत न मिळाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयालाही महत्त्व येते.

बुडालेल्यांना तोंडाने श्वास देण्याचे उल्लेख अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सापडतात आणि जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख मास यांनी गटिंगेन येथे १८९१ च्या सुमारास बाहेरून छाती दाबून रुग्ण वाचविल्याचे सांगितले जाते. तथापि आजच्या पद्धतीचा आरंभ अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांच्या १९६० मधील लेखापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते, कारण केवळ दोन हातांनी, कोणत्याही उपकरणाविना, कोठेही करता येण्याजोगी कृती म्हणून ती तेथेच मांडली गेली.

उपस्थित माणसे मदतीस का सरसावत नाहीत, या प्रश्नाचा उगम बहुतेक ग्रंथांत १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या किटी जेनोव्हीज हिच्या खुनाशी जोडलेला आढळतो. अडतीस साक्षीदार निष्क्रियपणे पाहत राहिले, ही त्या वेळची वृत्तपत्रीय हकीकत उत्तरकालीन संशोधकांना मान्य नाही. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन व कॉलिन्स यांनी तिला पुरेसा पुरावा नसल्याचे दाखवून दिले. हकीकत डळमळीत असली, तरी तिच्यामुळे हाती घेतलेला प्रयोग त्याच कारणाने बाद होत नाही. जॉन डार्ली व बिब लटाने या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगातील सहभागी न्यूयॉर्क विद्यापीठाचे विद्यार्थीच होते, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या या विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रणेवरून एका सहकाऱ्याला अपस्माराचा (फेफऱ्याचा) झटका आल्याचे ऐकविले गेले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के, आणखी एक जण ऐकत आहे असे समजणाऱ्यांपैकी ६२ टक्के, तर आणखी चार जण ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वी मदतीस निघाले. जबाबदारी विभागली जाते, हा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. मात्र न उठलेल्या विद्यार्थ्यांचे हात कापत होते, तळव्यांना घाम फुटला होता, या त्याच लेखातील निरीक्षणाकडे सहसा दुर्लक्ष होते. हे विद्यार्थी बेपर्वा नव्हते, त्यांचा निर्णय होत नव्हता. या प्रयोगात छाती दाबण्याचा प्रश्न नव्हता, हे लक्षात घेऊनही, तत्परतेचा अभाव म्हणजे सहृदयतेचा अभाव नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतून पुढे येणारी कारणेही याच मताला पुष्टी देतात : चूक होईल, बरगडी मोडेल, कायद्याच्या कचाट्यात सापडू, तोंडाने श्वास देताना संसर्ग होईल. आप्तांसाठी तयारी अधिक आणि अनोळखी व्यक्तीसाठी कमी दिसते. या पाहण्या बहुधा प्रश्नावलीवर आधारलेल्या असल्याने त्यांतून कळतो तो इरादा, कृती नव्हे. केवळ छाती दाबणे पुरेसे आहे, असा सल्ला अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये अप्रशिक्षितांना दिला, तेव्हा संसर्गाच्या भीतीचा भाग बराचसा निकालात निघाला. प्रौढांची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाबावी लागते. हा जोर पुतळ्यावर सराव केल्यावाचून हाताला उमगत नाही आणि शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते. डेन्मार्कमध्ये २००५ पासून शाळांत व २००६ पासून वाहनपरवान्यासाठी प्रशिक्षण सक्तीचे झाले. तेथे उपस्थितांनी सीपीआर दिल्याचे प्रमाण २००१ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. अर्थात त्या काळात इतर उपायही योजले गेले होते.

भारतात भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य जनांसाठी केवळ छाती दाबण्याची ‘कॉल्स’ (कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) ही पद्धत मांडण्यात आली. वैद्यकीय शाखेच्या २०१९ पासूनच्या पायाभूत अभ्यासक्रमात प्राथमिक जीवरक्षणाचा समावेश आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ मदतकर्त्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, परंतु ते मोटार अपघातग्रस्तांपुरतेच आहे. वसतिगृहात वा क्रीडांगणावर कोसळलेल्या सहाध्यायाला मदत करणाऱ्याला आधार मिळतो तो सद्भावनेने, दुसऱ्याच्या हितासाठी, संमतीविना केलेली कृती गुन्हा न मानणाऱ्या सर्वसाधारण अपवादाचा. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३० मध्ये आहे.