यूआरएल छोटी केली की रँकिंग वाढतं?

"ऑनलाइन स्टोअरच्या यूआरएलमधले कॅटेगरीचे फोल्डर काढून टाका, रँकिंग लगेच वर जातं" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वाचून पटतंही, पण सर्च इंजिनसाठी यूआरएल म्हणजे पानाचा पत्ता, त्यात स्लॅश दोन की चार याने फारसं बिघडत नाही. उलट पत्ता बदलला की ते पान नवीन धरलं जातं आणि जुन्यावरून ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारी सोय) नसेल तर बाहेरून येणाऱ्या सगळ्या लिंक ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' या एररवर जाऊन आपटतात, हे नुकसान खरंच मोठं असतं. साफसफाई करायचीच तर सॉर्टिंग नि ट्रॅकिंगच्या पॅरामीटरमुळे (यूआरएलमध्ये ? नंतर जोडला जाणारा भाग) एकाच पानाच्या ढीगभर यूआरएल होतात ना, तिथे कॅनॉनिकल टॅग (यातला मूळ पत्ता कोणता हे सर्च इंजिनला सांगणारी पानाच्या कोडमधली ओळ) लावा. तपासणं सोपंय, जुनी लिंक उघडून नव्या पानावर जाते का बघा, मग सॉर्ट केलेल्या पानाचा सोर्स (ब्राउझरमधलं View Page Source) उघडून कॅनॉनिकल शोधा, तिथे मूळ पत्ताच दिसायला हवा.