लूशान युनवू चहा

चीनच्या जिआंग्शी प्रांताच्या उत्तर भागातील लूशान पर्वतावर पिकणारा हिरवा चहा. चिनी भाषेत ‘युन’ म्हणजे ढग व ‘वू’ म्हणजे धुके. ‘युनवू’ हे नाव एकट्या लूशानचे नाही. आन्ह्वेइमधील ह्वांगशान, हूनानमधील हंगशान, ज्यांग्सूमधील ह्वाग्वोशान आणि ग्वेजोमधील ग्वेदिंग येथील चहांनाही ते लावले जाते. म्हणून डोंगराचे नाव जोडल्याशिवाय नुसत्या ‘युनवू’ या शब्दावरून चहाची ओळख पटत नाही.

लूशानच्या उत्तरेस यांगत्से नदी व पूर्वेस पोयांग सरोवर आहे. हानयांग हे त्याचे सर्वोच्च शिखर १,४७४ मी. उंच आहे. नदी व सरोवरावरून येणारी दमट हवा एकदम उठावलेल्या या डोंगराला अडते, वर चढते आणि थंड होऊन धुके धरते. वर्षातले साधारण निम्मे दिवस माथ्यावर धुके असते. वरच्या भागातील गारव्यामुळे कोंब उशिरा फुटतात. सखल प्रदेशातील उत्तम हिरव्या चहाची खुडणी एप्रिलच्या आरंभी, छिंगमिंग या पितरांच्या सणाच्या आगेमागे होते, तर लूशानच्या वरच्या मळ्यांत ती एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस चालते. झुडपे लहान पानांच्या चिनी जातीची असतात. आपल्याकडे दुधाच्या चहासाठी वापरतात ती चहापूड बहुतांशी मोठ्या पानांच्या आसामी जातीची असते.

धुक्याचा चवीशी असलेला संबंध हा केवळ कविकल्पनेचा भाग नाही. चहाला गोडसर, रसदार चव देणारे थिअनीन हे ॲमिनो आम्ल मुळांत तयार होऊन कोंबांकडे जाते. प्रखर उन्हात त्याचे विघटन होते आणि त्यातून सुटलेले घटक तुरटपणा देणाऱ्या कॅटेचिनांच्या निर्मितीत वापरले जातात. विरळ, पसरलेल्या प्रकाशात ही क्रिया मंदावते. जपानमध्ये ग्योकुरो चहाच्या झुडपांवर खुडणीपूर्वी आच्छादन घालतात, ते याच कारणासाठी. मात्र लूशानवर धुके, उंची व थंडी हे तिन्ही एकत्र असल्याने चवीचे सारे श्रेय एकट्या धुक्याला देणे बरोबर होणार नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. रूढ परंपरेनुसार लूशानवर दोंगलिन विहार स्थापन करणारे बौद्ध आचार्य ह्वेइ-युआन (३३४–४१६) यांनी रानातील चहा मठाच्या आवारात आणून लावला. दुसऱ्या एका कथेप्रमाणे पक्ष्यांनी चहाचे बी कड्यांच्या फटींत टाकले आणि भिक्षूंनी ती रोपे शोधून काढली. मठ आणि चहा यांचे नाते चीनमध्ये जुने असल्याने पहिली परंपरा अशक्य कोटीतील नाही, परंतु तिला समकालीन आधार दुबळा आहे. सहाव्या शतकातील भिक्षुचरित्रसंग्रहात ह्वेइ-युआन यांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन येते. शिष्य त्यांना औषधी मद्य, मग तांदळाचे पाणी व शेवटी मध घातलेले पाणी घेण्याची विनंती करतात. त्या प्रसंगात चहाचे नाव नाही. एवढ्यावरून चहा नव्हताच असे ठरत नाही, हे खरे. पण आठव्या शतकात लू यू या लेखकाने आपल्या ‘चा-जिंग’ या चहावरील ग्रंथात चहा पिकवणाऱ्या प्रदेशांची यादी दिली आहे, तिच्यातही ज्यांगजो (आजचे ज्यूज्यांग, म्हणजे लूशानचा परिसर) आढळत नाही.

निश्चित पुरावा मिळतो तो बाय जूयी (७७२–८४६) या कवीकडून. ८१५ मध्ये पदावनत करून त्याला ज्यांगजो येथे धाडण्यात आले. ८१७ मध्ये त्याने लूशानच्या श्यांगलू शिखराखाली गवताने शाकारलेली कुटी बांधली. घळ खणून चहाची बाग केल्याचे तो कवितेत सांगतो, आणि कुटीवरील गद्य लेखात झऱ्यालगत लावलेल्या चहाचा पुन्हा उल्लेख करतो. याच काळातील त्याच्या ‘पिपा’ या तंतुवाद्यावरील प्रसिद्ध दीर्घकाव्यातील व्यापारी चहाच्या खरेदीसाठी फूल्यांगला गेलेला आहे, लूशानला नव्हे. तेव्हा नवव्या शतकाच्या आरंभी या डोंगरावर चहा होता, पण तो घरगुती किंवा मठापुरता असावा, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो. ‘युनवू’ हे नाव बहुधा मिंग काळात (१३६८–१६४४) रूढ झाले.

चहाबरोबर लूशानच्या पाण्याचीही कीर्ती आहे. नवव्या शतकातील जांग यौशिन याच्या पुस्तिकेत लू यू याने केलेली म्हणून वीस पाण्यांची प्रतवारी दिली असून तिच्यात लूशानच्या कांगवांग दरीतील पडद्यासारख्या धबधब्याला पहिला क्रमांक आहे. अकराव्या शतकात औयांग श्यू या साहित्यिकाने या यादीवर आक्षेप घेतला. खळाळत्या, उसळत्या प्रवाहाचे पाणी पिऊ नये, असे लू यूच्या स्वतःच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलेले असताना त्याच्याच नावाच्या यादीत धबधबे कसे, असा त्याचा प्रश्न होता. तो आजही ग्राह्य धरावा असा आहे.

खुडताना एक कळी व नुकते उमलू लागलेले एक पान, सुमारे ३ सेंमी. लांबीचे, घेतात. पाने थोडा वेळ पसरून ठेवल्यावर सुमारे १५०–१६० अंश से. तापलेल्या कढईत हाताने परततात. उष्णतेने विकरे (एन्झाइमे) निष्क्रिय होतात व पाने हिरवी राहतात. लगेच ती झटकून मोकळी करतात, कारण वाफ कोंडली तर पाने पिवळी पडतात. त्यानंतर मळणे, दुसऱ्यांदा परतणे, सरळ करणे, तळहातांत वळणे व निवडणे या क्रिया होतात. पुढची पायरी कौशल्याची असते. जवळजवळ सुकलेल्या पानांना दोन्ही हातांत हलकेच घासून त्यांवरील पांढरी लव वर आणतात. जोर जास्त झाला तर लव झडते, कमी पडला तर ती दबलेलीच राहते. शेवटी मंद आचेवर वाळवतात.

चीनच्या ‘दहा नामवंत चहां’च्या अनेक याद्यांत लूशान युनवूचा समावेश असतो, मात्र या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तयार चहा ठसठशीत, हिरवा व लवदार असतो. उकळते पाणी थोडे निववून, ८०–८५ अंशांवर ओतले की पाने हळूहळू उलगडतात. अर्क फिकट हिरवा व नितळ उतरतो आणि पहिल्या घोटाच्या किंचित तुरटपणानंतर घशात गोडवा येतो.