वीजकेंद्रातील उष्ण भागांचे आयुर्मान व्यवस्थापन

औष्णिक वीजकेंद्रातील सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या, हेडर (अशा अनेक नळ्या जोडलेला जाड नळ), मुख्य वाफवाहिनी आणि टर्बाइनचा रोटर हे भाग वर्षानुवर्षे ५४० °से.च्या आसपास दाबाखाली काम करतात. एवढ्या तापमानाला पोलाद भार न वाढताही कणाकणाने ताणत राहते. याला विसर्पण म्हणतात. प्लँटमध्ये मात्र सगळे क्रीपच म्हणतात. असे भाग किती झिजले, अजून किती चालतील आणि कधी बदलावेत, हे ठरवण्याच्या पद्धतीला आयुर्मान व्यवस्थापन म्हणतात.

जुन्या संचांचे हे भाग बहुधा १,००,००० तासांचे आयुष्य धरून आखलेले असतात. अखंड चालवले तर हे साडेअकरा वर्षेही भरत नाही. तरीही हा आकडा औषधाच्या बाटलीवरच्या मुदतीसारखा वाचू नये. आखणी करताना पोलादाच्या मोजलेल्या ताकदीतून बरीच कपात केलेली असते, त्यामुळे नीट सांभाळलेला हेडर याच्या दुप्पट तासही काढतो. उलट, तापमान सतत थोडे वर राहिले तर तो निम्म्यातही संपतो.

हे ‘थोडे’ किती, ते लार्सन आणि मिलर यांच्या १९५२ मधील सूत्रावरून कळते. निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाला (२० + टिकण्याच्या तासांचा दशमान लॉगॅरिथम) या बेरजेने गुणायचे. ताण तोच असेल तर गुणाकार तोच राहतो. ५४० °से.ला १,००,००० तास टिकणारा भाग या हिशेबाने ५५० °से.ला सुमारे ५०,००० तास टिकतो आणि ५६० °से.ला जेमतेम २५,०००. म्हणून फक्त चालू तासांची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकावर फार विसंबू नये. शिवाय नियंत्रण कक्षात दिसणारे तापमान बहुधा अनेक नळ्यांतून एकत्र आलेल्या वाफेचे असते. त्यांतली एखादी नळी बाकीच्यांपेक्षा बरीच तापलेली असू शकते.

त्या नळीचा पूर्वेतिहास तिच्या आतच साठलेला असतो. वाफेमुळे आतल्या बाजूला ऑक्साइडचा थर चढतो. अल्ट्रासॉनिक तपासणीने त्याची जाडी मोजली, की धातू सरासरी किती तापला होता याचा अंदाज बांधता येतो. हा थर उष्णता अडवतो, म्हणजे तो वाढला की नळी आणखी तापते. वेगवेगळ्या तापमानांत गेलेल्या तासांची गोळाबेरीज करायला रॉबिन्सन यांचा १९३८ मधील नियम वापरतात: प्रत्येक तापमानाला काढलेले तास भागिले त्या तापमानाचे आयुष्य, आणि अशा भागाकारांची बेरीज. ती १ झाली की कागदावर आयुष्य संपले. व्यवहारात कोणी १ होईपर्यंत थांबत नाही, कारण एकाच जातीच्या दोन पोलादांचे चाचणीतले आयुष्यही पुष्कळ वेगळे निघते.

भाग कापता येत नसेल तर रेप्लिका घेतात. वाफवाहिनीच्या वेल्डलगतची छोटी जागा आरशासारखी घासून चकचकीत करतात, सौम्य आम्लाने धातूच्या कणांच्या सीमा उघड करतात आणि ॲसिटोनने मऊ केलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी त्यावर दाबून सोलून घेतात. पट्टीवर उमटलेला ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सीमांवर सुटी भोके दिसली तर लक्ष ठेवायचे. भोके एका दिशेने रांगेत आली तर पुढची तपासणी अलीकडे आणायची. ती जुळून बारीक भेगा झाल्या असतील तर दुरुस्तीची तारीख ठरवायची, आणि डोळ्यांना दिसणारी भेग असेल तर ताबडतोब दुरुस्ती. नॉयबाउअर आणि वेडेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही वर्गवारी आजही चालते.

ती साध्या क्रोम-मॉलि (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादांसाठी चांगली आहे. नऊ टक्के क्रोमियमच्या पी-९१ जातीत मात्र फसगत होऊ शकते. तिथे वेल्ड करताना तापलेल्या लगतच्या पट्ट्यातील बारीक कणांच्या भागात, बऱ्याचदा पृष्ठभागाच्या खाली, ‘टाइप फोर’ नावाची भेग सुरू होते आणि वरचा ठसा निर्दोष दिसतो. अशा वेल्डची जाडीभर अल्ट्रासॉनिक तपासणी लागते.

सौर आणि पवन वीज वाढल्यापासून अनेक कोळसा संच वरचेवर बंद-चालू होतात. जाड भिंतीचा हेडर आतून लवकर तापतो नि लवकर निवतो, बाहेरून सावकाश. त्या ओढाताणीत नळ्यांच्या भोकांमधल्या अरुंद धातूला तडे जातात. अशा संचात चालू तासांच्या जोडीला थंड, कोमट आणि गरम अवस्थेतून केलेल्या सुरुवातींची संख्याही वेगवेगळी नोंदवावी लागते.