आधी कोणता रंग? दोन रंगी मशीनवर चार रंगी काम देण्यापूर्वी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या छापखान्यात दोन रंगी ऑफसेट मशीन आहे. म्हणजे तुमचं चार रंगी काम (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेन्टा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) मशीनमधून दोनदा जातं. आज दोन रंग, शाई वाळली की उद्या उरलेले दोन. "रंग तेच चार ना? मग आधी कुठला, नंतर कुठला, काय फरक पडतो?" असं काउंटरवर नेहमी कुणीतरी विचारतं. पडतो, आणि तो आम्ही आमच्याच खर्चाने शिकलोय.

एका लग्नपत्रिकेत गणपतीच्या मागे कुंकवाच्या रंगाचा सॉलिड पट्टा होता. असा लाल म्हणजे मॅजेन्टा आणि पिवळा, एकावर एक. पहिल्या दिवशी मॅजेन्टा छापला, दुसऱ्या दिवशी पिवळा. चार रंगी मशीनवर पिवळा ओल्या मॅजेन्टावर पडतो, त्यामुळे जरा कमीच चढतो. आमच्याकडे खालची शाई वाळलेली. पिवळा पुरेपूर बसला आणि कुंकवाचा शेंदूर झाला. वधूपित्यांनी एक पत्रिका उचलली, शेजारी प्रूफ, म्हणजे छपाईआधी दाखवलेला नमुना, धरलं आणि काही न बोलता दोन्ही टेबलावर ठेवलं. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. आता असा गडद लाल असला की आम्ही पिवळा पहिल्या फेरीत घेतो आणि मॅजेन्टा त्यावर. मशीनमन कुरकुरतो, कारण पांढऱ्या कागदावरचा पिवळा नुसत्या डोळ्याला समजत नाही, निळ्या फिल्टरमधून बघावा लागतो. कुरकुरू दे.

एरवी पहिल्या फेरीत सायन आणि लगोलग मॅजेन्टा, दुसरीत काळा आणि पिवळा. फोटोतला बराचसा बारकावा सायन-मॅजेन्टात असतो, ते एकाच फेरीत पडले की रजिस्टर बसतं, म्हणजे रंग एकमेकांवर अचूक जुळतात. पिवळा केसभर सरकला तरी सहसा कळत नाही. सायन आधी, कारण मॅजेन्टा आधी घेतला तर आकाश जांभळट होतं.

काळा दुसऱ्या दिवशी ठेवतो तो मात्र तुमच्यासाठी! पहिली फेरी झाल्यावर संध्याकाळी फोन येतो: आजोबांच्या नावाआधी 'कै.' राहिलं. प्रत्येक रंगाची छापायची प्लेट वेगळी असते, त्यामुळे मजकूर नुसत्या काळ्यात असेल तर एकच प्लेट बदलून भागतं. तोच मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून काळा केलेला असेल तर चारही प्लेटा नव्या, आणि छापलेला कागद रद्दीत. मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या हव्या असतील तरी हाच हिशेब.

"पहिली फेरी मारून ठेवा, बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू," असं कृपया सांगू नका, पावसाळ्यात तर नाहीच. कागद दमट हवा पितो आणि ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडव्या बाजूने फुगतो. मग दुसरी फेरी पहिलीवर बसत नाही. आम्ही थप्पी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो, पण तेवढ्याने आठवडा निघत नाही. शिवाय फार दिवस पडून राहिलेली शाई काचेसारखी गुळगुळीत होते आणि वरची शाई धरत नाही.

सोनेरी शाई खालचं झाकते, म्हणून ती बहुधा शेवटी. त्यासाठी वेगळी प्लेट, तिसरी फेरी आणि एक दिवस जास्त धरा.

पहिली फेरी सुरू होण्याआधी एवढंच सांगा, की कुठला रंग चुकलेला तुम्हाला अजिबात चालणार नाही. क्रम त्यावरून ठरवू. नमुना म्हणून जुनी पत्रिका आणा, साडीचा काठ आणा, मोबाइलवरचा फोटो मात्र नको.