कंपन्या बुडण्याच्या आकड्यांमागचा चाळीस वर्षांचा कायदा

दिवाळखोरीची प्रकरणे वाढली की धंदे बुडू लागले, घटली की बरे दिवस आले, असा अर्थ सर्रास लावला जातो. भारतात तो फसवा ठरतो. इथे हा आकडा बाजारापेक्षा कायद्याच्या मागे चालत आला आहे.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. पण अशा कारखान्यांना सरकारदरबारी ‘आजारी’ म्हटले गेले. १९८५ मध्ये आजारी उद्योगांचा कायदा झाला आणि १९८७ मध्ये बीआयएफआर, म्हणजे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ, कामाला लागले. साठलेल्या तोट्याने कंपनीची नक्त मत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारे स्वतःचे भांडवल, पूर्ण गिळली की मगच ती आजारी ठरायची, म्हणजे वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसताना. शिवाय प्रकरण मंडळापुढे गेले की कलम २२ मुळे वसुलीच्या कारवाया मंडळाच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नसत. या कवचाआड अनेक मालकांनी वर्षेच्या वर्षे काढली. यंत्रे गंजली, कामगारांची देणी तशीच राहिली. त्या काळातले खरे नुकसान हेच, आणि ते दिवाळखोरीच्या कोणत्याही आकड्यात उमटले नाही.

१९९३ ची कर्जवसुली न्यायाधिकरणे आणि २००२ चा सरफेसी कायदा बँकांच्या वसुलीसाठी होते. बुडणारी कंपनी सावरणे हा त्यांचा विषयच नव्हता.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने चित्र पालटले. थकबाकी झाली की धनको, म्हणजे ज्याचे पैसे अडकले तो, थेट एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाऊ शकतो, संचालक मंडळाचे अधिकार थांबतात, निर्णय धनकोंची समिती घेते. प्रकरणांचा ओघ लागला, पण त्यात जुना गाळ फार होता: अवसायनात निघालेल्या, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायच्या ठरलेल्या, कंपन्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आधीच बीआयएफआरकडे तरी होत्या किंवा बंद तरी पडलेल्या होत्या. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या संहितेखाली नेण्यासाठी १२ मोठी थकीत कर्जखाती पुढे काढली. त्यातली भूषण स्टील २०१८ मध्ये टाटांकडे गेली, एस्सार स्टील २०१९ मध्ये आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टीलकडे. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनचा अनुभव मात्र कडू होता. ६० हजार कोटींहून अधिक दाव्यांपुढे जेमतेम तीन हजार कोटींची बोली मंजूर झाली. पुरवठादारांच्या पदरात दाव्याचा एक टक्काही पडत नव्हता. अपिलात जानेवारी २०२२ मध्ये ती मंजुरी रद्द झाली.

मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली आणि २५ मार्चपासूनच्या नव्या थकबाकीसाठी संहितेचे दार वर्षभर बंद ठेवले. टाळेबंदीत धंदे ठप्प असताना दिवाळखोरीची नवी प्रकरणे एकदम घटली, ती यामुळे. एक कोटीची मर्यादा पुढेही राहिली. दहा-वीस लाख अडकलेल्या लहान पुरवठादाराला या मार्गाने जाताच येत नाही.

त्याचा स्वतःचा कारखाना बुडाला तर तोही या आकड्यांत दिसत नाही. आपल्याकडची बहुसंख्य लहान युनिट्स एकल मालकीची किंवा भागीदारीची आहेत, आणि संहितेतली त्यांच्यासाठीची तरतूद, कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरती सोडली तर, लागूच झालेली नाही. मुंबईतल्या अशा उद्योजकाला आजही १९०९ च्या दिवाळखोरी कायद्याकडे जावे लागते, आणि उर्वरित महाराष्ट्रातल्याला १९२० च्या.